उन्हाळी मळा आणि त्याचे वैरी

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या मेळाव्यात उन्हाळी भाजीपाला व त्यावरील कीड ह्या विषयावर आम्ही बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. माळ्यांच्या सभेत भाजीपाल्यावर व्याख्यान देणे म्हणजे पंढरीच्या वारकऱ्यास बुक्क्याचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. तथापि दोन कारणांस्तव आम्ही ही आज्ञा शिरसावंद्य मानली. पहिले कारण असे की, आपल्या विद्यार्थी वसतिगृहामागील वीस गुंठे जमीन गेले तीन उन्हाळे विषारी औषध व रासायनिक खत ह्यांवाचून पिकविली जात आहे आणि तिच्यावर देखरेख ठेवण्याचे काम मंडळाने आमच्याकडे सोपविले आहे. दुसरे कारण आपणा सर्वांस ठाऊक आहेच. त्या जमिनीवर रस्त्याच्या बाजूने दुकानांचे गाळे बांधावेत, असा ठराव मंडळापुढे आलेला असून दिवाळीनंतरच्या सर्वसाधारण सभेत त्याचा निर्णय व्हावयाचा आहे. निर्णय करणाऱ्यांनी त्या जमिनीत काय चालले आहे हे आधी जाणून घ्यावे, एवढ्याचसाठी आजचे बोलणे आहे. आम्ही मळ्याच्या बाजूचे आहोत, हे प्रारंभीच सांगून टाकतो, म्हणजे श्रोत्यांस आमच्या शब्दांचे वजन त्या हिशेबाने करता येईल.

आपल्या पोटजातींची नावेच पाहा. फुलमाळी, हळदेमाळी, जिरेमाळी. दुसऱ्या कोणत्या समाजाने आपली ओळख इतक्या थेटपणे पिकावरून सांगितली असेल? अरणच्या सावता महाराजांनी मळा हीच पंढरी मानली. जोतीराव फुले ह्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे, परंतु पेशव्यांस फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून ते फुले झाले. त्याच जोतीरावांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात जमिनीचा कस का उतरत चालला ह्याची जी कारणमीमांसा केली आहे, ती आजही वाचण्यासारखी आहे. डोंगरातील झाडांचा पालापाचोळा व मेलेल्या जनावरांचे अवशेष पावसाच्या पाण्याबरोबर वाहत येऊन खालच्या शेतांस खत मिळे, तो ओघ थांबला, हे त्यांचे म्हणणे होते. ताली-बंधारे घालून पाणी मुरवा, असेही त्यांनी सांगितले. सेंद्रिय शेती हा शब्द तेव्हा जन्मासही आला नव्हता.

मग आपल्या मळ्यांत विष आले कोठून? कीटकांवरील डी.डी.टी.च्या परिणामाचा शोध लावणाऱ्या पॉल म्युलर ह्यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हिवतापावर ते औषध खरोखरीच उपकारक ठरले, आणि घरात डास मारणारी भुकटी मळ्यातही जाऊन पोचली. पाठोपाठ बी.एच.सी. आली. तिची पांढरी भुकटी फडक्याच्या पुरचुंडीत बांधून वांग्यावर झटकीत चालणारी वडीलधारी माणसे ह्या सभेत बसलेल्या पुष्कळांनी पाहिली असतील. पुढे काय झाले? डी.डी.टी.चा शेतीतील वापर आपल्या देशात १९८९ साली बंद करण्यात आला, बी.एच.सी. १९९७ साली गेली, आणि एंडोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. ह्यांतील प्रत्येक औषध ज्या काळी दुकानात मिळत होते, त्या काळी ते निर्धोक म्हणूनच विकले जात होते. आज जे निर्धोक म्हणून विकले जाते, त्याकडे पाहताना हा इतिहास ध्यानात ठेवणे इष्ट. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. ते पीक कपाशीचे होते हे खरे. परंतु कपाशी कोणी खात नाही. भेंडी आज फवारली जाते आणि दिवसाआडच्या तोड्याने उद्या मंडईत जाते. ती तोडणारे हात बहुधा आपल्या आयाबहिणींचे असतात. भेंडीच्या लवेने आधीच सोललेल्या बोटांवर ते पाणी किती झोंबते, हे त्यांना विचारावे. औषधविक्रेत्यास विचारू नये.

आता मळ्याकडे वळू.

उन्हाळी भाजीचे गणित माघ-फाल्गुनात मांडावे लागते. थंडी ओसरताच भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारले, दुधी ह्यांचे बी टोकले, की चैत्राच्या उत्तरार्धात पहिला तोडा हाती येतो, आणि ऐन वैशाखात, सारे शिवार तापून पांढरे पडलेले असता, विहिरीच्या थारोळ्यापासून मांडवापर्यंत हिरवेगार दिसते. ज्या महिन्यात बाजारात भाजी दुर्मिळ, त्याच महिन्यात माळ्याचा मळा भरात असतो. आपल्या पूर्वजांचा संसार ह्याच एका गोष्टीवर चालला. ह्या पिकांत गवार सर्वांत सोशिक. पाणी जरा चुकले तरी ती रुसत नाही, आणि शेंगवर्गीय असल्याने जमिनीस नत्र देऊन जाते. भेंडीचे फूल गळून पडल्यापासून पाच-सहा दिवसांत फळ तोडण्यास येते. सातव्या दिवशी ते जून होते व गिऱ्हाईक त्याचे टोक मोडून पाहून परत ठेवते. म्हणून उन्हाळ्यात माळ्याला सुटी नाही. वसतिगृहातील बहुतेक मुले ह्या दिवसांत गावी जातात. मागे राहणारी सात-आठ मुले पाळीपाळीने तोडा करतात. त्यांना पहाटे उठवणे हे फळमाशीच्या बंदोबस्ताहून कठीण काम आहे, हे जाता जाता नमूद करतो.

पाणी हा उन्हाळी मळ्याचा प्राण खरा, पण जास्त पाणी हा त्याचा रोगही आहे. आमच्या मळ्यात ठिबकाच्या नळ्या आहेत आणि सरींवर उसाच्या पाचटाचे आच्छादन आहे. पाचटाखाली वैशाखातही हात घातला तर ओल लागते व गांडूळ सापडते. काही मंडळी म्हणतात की पाचटात वाळवी येते. येते, परंतु ती वाळलेले आधी खाते. हिरव्या रोपाकडे तिचे लक्ष गेलेले आमच्या मळ्यात अद्याप दिसलेले नाही. ज्यांच्या जमिनीत हुमणी आहे त्यांनी मात्र कच्चे शेणखत कदापि घालू नये. चांगले कुजलेलेच घालावे. कुजविण्याच्या शास्त्राबद्दल अल्बर्ट हॉवर्ड ह्या इंग्रज शास्त्रज्ञाचे नाव सर्वत्र घेतले जाते. ते काम त्यांनी इंदूर येथे केले, आणि आपण हिंदुस्थानातील शेतकऱ्यांपासून पुष्कळ शिकलो असे ते मोकळेपणाने सांगत.

आता वैऱ्यांकडे येऊ. त्यांत अग्रमान वांग्यावरील शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीचा. हिच्याविषयी अंमळ विस्ताराने बोलणे भाग आहे, कारण वांग्यावर जितके विष ओतले जाते तितके दुसऱ्या क्वचितच एखाद्या भाजीवर ओतले जात असेल, आणि त्यातील बहुतेक फुकट जाते. फुकट का जाते? ह्या किडीची मादी पानांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात कोवळ्या शेंड्यात किंवा फळात शिरते, आणि आत शिरताच भोक आपल्याच विष्ठेने बुजवून टाकते. म्हणजे तिच्या उघड्यावरील आयुष्याचा काळ अत्यल्प. त्यानंतर वरून कितीही औषध मारले तरी ते वांग्याच्या सालीस लागते, अळीस लागत नाही. शेतकरी मात्र अळी मरत नाही म्हणून औषधाची मात्रा वाढवितो, दोन औषधे एकत्र करितो, शेवटी तोड्याच्या आदल्या दिवशीही फवारतो. ह्यात अळीचे काही बिघडत नाही. बिघडते ते तिला खाणाऱ्या मित्रकीटकांचे.

आमच्या मळ्यातला उपाय अगदी गावठी आहे. झाडाचा एखादा शेंडा मान टाकून लोंबू लागला, की त्यात अळी आहे असे समजावे. दर आठवड्यास, न चुकता, असे सर्व शेंडे वितभर खालून खुडावेत, पोखरलेली फळे काढावीत आणि ती बांधावर न फेकता खड्ड्यात पुरून वर दोन बोटे नव्हे, हातभर माती ओढावी. बांधावर फेकलेल्या शेंड्यातली अळी सुखाने कोषात जाते आणि पंधरवड्यात पतंग होऊन परत येते. जोडीस कामगंध सापळे लावावेत. मादीच्या वासाने नर त्यांत येऊन पडतात. आणखी एक गोष्ट, जी पुस्तकात क्वचित आणि घरात नेहमी आढळते. जुन्या वांग्याच्या वाळलेल्या पऱ्हाट्या आपण चुलीसाठी गोठ्याच्या भिंतीशी रचून ठेवतो. त्या काटक्यांत कोष दडलेले असतात. नवी लागवड मळ्यात आणि जुना शत्रू घराच्या भिंतीशी! पऱ्हाट्या ठेवावयाच्याच असतील तर मळ्यापासून लांब ठेवाव्यात, किंवा लावणीपूर्वीच जाळून मोकळे व्हावे. तसेच वांग्याचा खोडवा धरण्याचा मोह टाळावा. पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या एका मळेकऱ्याने आम्हांस विचारले, 'गुरुजी, शेंडे खुडून कोठे अळी हटते काय?' अळी हटत नाही, कमी होते. दहा वांग्यांतील दोन-तीन किडकी निघतातच. ती चिरून, किडका भाग टाकून, भरीत होऊ शकते. बिनकिडीचे, आरशासारखे चकचकीत वांगे हवे असणाऱ्या गिऱ्हाइकास त्या चकाकीची किंमत काय पडते, हे मात्र कोणी सांगत नाही.

ह्याच अळीच्या निमित्ताने जनुकबदल केलेल्या बीटी वांग्याचा वाद आपल्या देशात माजला होता. ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश ह्यांनी त्यास स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१३ साली त्यास परवानगी दिली. त्या वादात आम्ही आज शिरत नाही. इतकेच म्हणतो की, आपल्याकडे मांजरीच्या गोट्यापासून जळगावच्या भरिताच्या वांग्यापर्यंत जी वाणांची श्रीमंती आहे, ती कोणत्याही वादात हरवू नये. बी धरण्याची विद्या आपल्या आज्यांना येत होती. राखेत घोळवून, गाडग्यात भरून, तोंडास फडके बांधून ठेवलेले बी पुढल्या वर्षी उगवत असे. आज एका पाकिटासाठी आपण रांग लावतो.

भेंडीची कथा निराळी आणि अधिक उद्बोधक आहे. पानांच्या शिरा पिवळ्या पडून सबंध झाड केवड्यासारखे फिके होते, त्यास केवडा म्हणतात. नाव सुंदर, रोग भयंकर. हा विषाणू पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते, आणि एकदा झाडास लागला की त्यावर औषध नाही. १९६० च्या सुमारास पुसा सावनी हे वाण ह्या रोगास दाद न देणारे म्हणून गाजले. काही वर्षांत ते रोगास बळी पडू लागले. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाचे परभणी क्रांती आले, बंगळूरच्या संस्थेचे अर्का अनामिका आले. त्यांनीही पुष्कळ वर्षे उत्तम साथ दिली, आणि त्यांचीही ती शक्ती हळूहळू ओसरली. विषाणू बदलत राहतो. म्हणून केवळ बियाण्याच्या पाकिटावर विसंबून राहणाऱ्याने दर काही वर्षांनी निराश होण्याची तयारी ठेवावी. आमच्या मळ्यात भेंडीच्या आधी पंधरा दिवस सभोवार मक्याच्या दोन ओळी पेरतो, म्हणजे माशीस उडत येताना आडोसा लागतो. पिवळे चिकट सापळे लावतो. आणि पहिल्या महिन्यात जे झाड पिवळे दिसेल ते निर्दयपणे उपटतो. मुलांना हे फार जड जाते. 'गुरुजी, ह्यास फूल आले आहे,' असे म्हणून ती थांबतात. परंतु ते एक झाड ठेवले तर सबंध ओळ जाते.

वेलवर्गीय पिकांचे दोन शत्रू. काकडी-दोडक्याचे रोप दोन पानांवर असताना तांबडा भुंगेरा येतो आणि चाळणी करून टाकतो. पहाटे तो सुस्त असतो. तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावा, आणि दवावर चुलीची राख धुरळावी. ह्याची अळी जमिनीत राहून मुळे खाते, म्हणून पीक निघाल्यावर उन्हात नांगरट करावी. दुसरा शत्रू फळमाशी. ती कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, फळ डंखाच्या जागी वाकडे होते, आतून सडते, आणि गळून पडल्यावर अळी जमिनीत शिरून कोष करते. ऐन कोरड्या वैशाखात तिचा जोर बेताचा असतो; वळिवाच्या सरी आल्या, हवा दमट झाली, की ती झपाट्याने वाढते. म्हणजे वळिवाच्या आधीच सापळे टांगले पाहिजेत. गळालेले प्रत्येक फळ त्याच दिवशी उचलून खोल पुरावे. शेजाऱ्याच्या मळ्यात सडलेल्या काकड्यांचा ढीग पडून असेल तर आपल्या सापळ्यांचा उपयोग निम्माच. फळमाशीस बांध समजत नाही; तिचा बंदोबस्त सगळ्या शिवाराने मिळूनच करावयाचा असतो.

येथे फवारणीच्या वेळेबद्दल एक बारकावा सांगतो. काकडी व कारल्याची फुले सकाळी उमलतात आणि मधमाश्या त्याच वेळी येतात. दुधी व दोडक्याची फुले सायंकाळी उमलतात, आणि रात्रीचे पतंग त्यांच्याकडे येतात. म्हणून काकडी-कारल्यावर निंबोळीचा अर्कदेखील सायंकाळी मारावा, आणि दुधी-दोडक्यावर पहाटे, फुले मिटल्यावर. परागीकरण नीट न झालेली काकडी एका टोकास बारीक राहते. त्याचे खापर आपण बियाण्यावर फोडतो.

लाल कोळी हा कोरड्या, तापलेल्या आणि धुळीने भरलेल्या हवेचा सोबती. पानाच्या मागील बाजूस बारीक जाळी करून तो रस शोषतो आणि पान तांबूस होऊन झडते. आमच्या मळ्यात तिन्ही वर्षे त्याचा प्रारंभ रस्त्याच्या बाजूच्या ओळींपासून झाला. वाहनांची धूळ तेथेच बसते. पानांच्या खालच्या बाजूने स्वच्छ पाण्याचा जोराचा फवारा, चार दिवसांच्या अंतराने, हा त्यावर पहिला उपाय. गंधक त्यावर चालते आणि सेंद्रिय शेतीस ते मर्यादेने मान्यही आहे. परंतु कडक उन्हात, विशेषतः वेलांवर, गंधकाने पाने करपतात. मिरचीचा बोकड्या पाहतानाही डोळा उघडा ठेवावा. पाने वरच्या बाजूस वळली असतील तर ते काम फुलकिड्यांचे, खाली वळली असतील तर कोळ्यांचे. रोग न ओळखता औषध आणणारा माणूस डॉक्टरांच्या दारी न जाता थेट औषधाच्या दुकानात जाणाऱ्या रोग्यासारखा होय.

मित्रांविषयीही बोलले पाहिजे. चवळीवर मावा पडला की त्यामागोमाग ठिपक्यांचा चित्रांग भुंगेरा येतो. भुंगेऱ्यास सर्व ओळखतात. त्याची अळी मात्र काळसर, नारिंगी ठिपक्यांची, बारक्या मगरीसारखी दिसते आणि मावा भुंगेऱ्याहूनही अधिक खाते. ती दिसली की लोक चिरडतात. आमच्या मुलांनी पहिल्या वर्षी एका काचेच्या बरणीत चवळीचा मावाभरला शेंडा आणि अशी एक अळी ठेवली. दुसऱ्या दिवशी शेंडा जवळजवळ स्वच्छ होता. त्यानंतर त्या बरणीतल्या धड्याची पुस्तकातून उजळणी करावी लागली नाही. मळ्यात ठिकठिकाणी काठ्यांचे पक्षिथांबे रोविले आहेत. कोतवाल पक्षी त्यांवर बसून दिवसभर किडे टिपतो आणि पगार मागत नाही. टोमॅटोच्या ओळींत झेंडू लावला की फळे पोखरणारी अळी त्याच्या फुलांकडे ओढली जाते, आणि त्याच्या मुळांनी जमिनीतील सूत्रकृमी कमी होतात. फुलमाळ्यांचा झेंडू भाजीमाळ्यांच्या कामास येतो, ही गोष्ट पोटजातींची सोयरीक जमविताना आमच्या वधू-वर समितीने विचारात घ्यावी.

आता काढे व अर्क. ह्या बाबतीत हल्ली दोन टोके दिसतात. एक पक्ष म्हणतो, हे सारे थोतांड आहे. दुसरा पक्ष म्हणतो, गोमूत्राचा एक शिंतोडा पडला की कीड पळते. दोन्ही पक्षांनी मळ्यात येऊन पाहावे. विदर्भातील सुभाष पाळेकर ह्यांनी प्रसिद्ध केलेले जीवामृत, म्हणजे दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन व मूठभर बांधाची माती २०० लिटर पाण्यात भिजवून केलेले मिश्रण, आम्ही जमिनीस देतो. जमीन त्याने मऊ राहते असे आमचे मत आहे. परंतु शेणखतास तो पर्याय आहे असे आम्ही म्हणणार नाही. दशपर्णी अर्कात कण्हेर व रुई असते, आणि ह्या वनस्पती विषारी आहेत. तंबाखूचा काढा तर त्याहून घातक. त्यातील निकोटीन कातडीवाटेही अंगात भिनते. जे झाडापासून निघाले ते निरुपद्रवी, ही समजूत मुलांच्या मनात रुजू देऊ नये. म्हणून दशपर्णीचे पिंप कुलुपात असते.

आमचा खरा भरवसा निंबोळीवर आहे. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, त्यात २०० ग्रॅम साबण विरघळवून एकूण १०० लिटर करावे. हाच पाच टक्क्यांचा अर्क. तो किडीस तत्काळ मारीत नाही. तिची भूक मारतो, वाढ खुंटवितो. म्हणून दुसऱ्या दिवशी किडा जिवंत दिसला की अधीर माणूस विषाची बाटली शोधू लागतो. त्याने चार दिवस थांबावे. ह्याच कडुनिंबाच्या तेलावर आधारित बुरशीनाशकाचे एकस्व १९९४ साली युरोपात एका अमेरिकन कंपनीस व तेथील सरकारी खात्यास मिळाले होते. भारतीयांनी हरकत घेतल्यावर ते २००० साली रद्द झाले व २००५ साली त्यावरील अपीलही फेटाळण्यात आले. जखमेवर हळद लावण्याचे एकस्वही असेच १९९७ साली रद्द झाले. आमच्या हळदेमाळी बंधूंनी ह्याचे पेढे वाटल्याचे मात्र ऐकिवात नाही.

उत्पन्नाचा प्रश्न टाळून चालणार नाही. आपल्या मळ्याचे उत्पन्न शेजारच्या औषधे मारलेल्या मळ्याच्या मानाने सुमारे पाऊणपट येते. पहिल्या उन्हाळ्यात ते निम्म्याच्या आसपास होते. खत व औषधांचा खर्च वाचतो, मजुरी मात्र वाढते. आमच्याकडे ती मुलांच्या हातांनी भरून निघते, संसारी शेतकऱ्याकडे निघणार नाही. म्हणून सर्वांनी उद्यापासून रसायने टाकून द्यावीत असा उपदेश आम्ही करीत नाही. श्रीलंकेच्या सरकारने २०२१ साली एका फटक्यात रासायनिक खतांची आयात बंद केली; भाताचे व चहाचे उत्पन्न कोसळले आणि त्याच वर्षाअखेर तो निर्णय मागे घ्यावा लागला. सिक्कीम राज्याने हेच काम बारा-तेरा वर्षे सावकाश केले आणि २०१६ साली संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून त्याची घोषणा झाली. आपल्या बंधूंनी प्रथम घरापुरता एक वाफा निवडावा. आपल्याच मुलांच्या ताटातील भाजीपासून आरंभ केल्यास कोणाचे नुकसान होत नाही. मंडईसाठी फवारलेले वाफे वेगळे आणि घरच्यासाठी न फवारलेला कोपरा वेगळा, अशी व्यवस्था काही मळ्यांत आजही आहे, हे आपणांस ठाऊक आहे. त्या कोपऱ्याचा अर्थ काय, हे आम्ही ह्या सभेत उलगडून सांगत नाही.

शेवटी गाळ्यांविषयी. गाळ्यांचे भाडे दरमहा ठरलेले येईल आणि त्यातून शिष्यवृत्त्या देता येतील, हा ठराव मांडणाऱ्यांचा मुद्दा खरा आहे. मळ्यातून तसे उत्पन्न निघत नाही. भाजी उन्हाळ्यात विकली जाते, एरवी ती वसतिगृहाच्या भांड्यात जाते, आणि भटारखान्याच्या खर्चात जी बचत होते ती जमेच्या बाजूस कोणी लिहीत नाही. परंतु जमीन पाहिली तर असे दिसेल की, रस्त्याकडील सुमारे चार गुंठ्यांत खाली मुरूम आहे. तेथे तीन वर्षांत धड पीक आलेले नाही. लाल कोळीही तेथूनच आत येतो. तेवढ्या पट्ट्यावर गाळे बांधावेत, त्यांची मागची भिंत सलग घ्यावी आणि त्यांना मळ्याकडे दार ठेवू नये. मग तीच भिंत धूळ अडवील. विहीर आणि उरलेले सोळा गुंठे मळ्याकडे राहावेत. अशी उपसूचना आम्ही लेखी दिली आहे. तिला अनुमोदन देण्याची इच्छा असणाऱ्या सभासदांनी सभेपूर्वी चिटणिसांकडे सही करावी.

एक विनंती अधिक. येत्या आषाढात निंबोळ्या पडतील. ज्यांच्या बांधावर कडुनिंब आहे त्यांनी पिवळ्या, पक्व निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून पाठवाव्यात. उन्हात वाळविलेल्यांचा गुण उतरतो, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. तागाचे पोते उत्तम. वर्षापूर्वीच्या निंबोळ्या पाठवू नयेत. दर रविवारी सकाळी आठ ते दहा वसतिगृहाच्या कोठीत कोणीतरी हजर असेल आणि वजन करून पावती देईल. गेल्या वर्षी तीन पोती कमी पडली होती.